नत्राचा नमुना: खुरपं, गिरमिट की पाइप?

एकाच रानाच्या दोन मृदा आरोग्य पत्रिका समोर ठेवून लोक विचारतात, "एकीत नत्र कमी आलंय, दुसरीत मध्यम. खरं कुठलं धरायचं?" माळशिरस-पंढरपूर पट्ट्यात हा प्रश्न मी दर उन्हाळ्यात ऐकतो. पत्रिकेची योजना १९ फेब्रुवारी २०१५ला सुरू झाली आणि घरोघरी तो कागद आला. त्यावर बारा घटकांचे आकडे असतात. बाकीचे अकरा फारसे कुणी वाचत नाही. नत्राचा मात्र सगळे बघतात, कारण युरियाच्या गोण्या त्यावर ठरतात. दोन पत्रिका जुळल्या नाहीत की पहिला संशय प्रयोगशाळेवर जातो. प्रयोगशाळेत चुका होत नाहीत असं नाही. पण मी जेवढं पाहिलं त्यात बहुतेक वेळा घोळ त्याच्या आधीच, रानात झालेला असतो. माती कशानं काढली, किती खोल काढली, ती ओली होती की कोरडी, इथंच आकडा बिघडतो.

मला हे पुरतं उमगलं ते मात्र भाताच्या खाचरात.

अक्काला भोर तालुक्यात दिलंय. तिकडच्या डोंगरात पडलेला पाऊस भाटघर धरणातून, नीरा उजव्या कालव्यानं आमच्या उसापर्यंत येतो. त्यामुळं आमचं नातं पाण्याचंही आहे. एका श्रावणात दाजींच्या इंद्रायणी भाताच्या खाचरातून नत्रासाठी नमुने काढायचे ठरले. मी घरचं आट्यांचं, म्हणजे स्क्रूसारखं फिरवत मातीत घालायचं गिरमिट घेऊन गेलो. आमच्या काळ्या रानात ते वर्षानुवर्षं चांगलं चालत आलंय. खाचरात घोटाभर पाणी, खाली लोण्यासारखा चिखल. गिरमिट फिरवत वीतभर खाली नेलं आणि वर ओढलं, तर आट्यांच्या बेचक्यात बोटभर राड तेवढी चिकटलेली. बाकीचा चिखल वर येता येता पाण्यात धुऊन गेला होता. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. जे आलं ते तळाचं की वरचं, हेही सांगता येईना. दाजी बांधावरून बघत होते. म्हणाले, "हे तुमच्या ज्वारीच्या रानाचं अवजार. इथं चिखल घरंगळू न देता सगळा एकदम वर आला पाहिजे." आणि घरी जाऊन नळजोडणीतून उरलेला पाइपाचा तुकडा घेऊन आले. त्या पाइपाचं पुढं सांगतो. आधी आपण काय मोजायला निघालोय ते बघू.

मातीतलं नत्र: पेव, पीठ आणि भाकरी

आपल्याकडं जुन्या वाड्यांतून ज्वारीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं असायची. पेवातली ज्वारी आपलीच, पण आज रात्रीच्या जेवणाला ती कामाची नाही. ती काढायची, निवडायची, दळायची, मग भाकरी. मातीतलं ९५ टक्क्यांच्या आसपास नत्र असंच पेवात असतं, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यात, सेंद्रिय पदार्थात अडकलेलं. त्यातलं थोडं थोडं जिवाणू दळून देतात आणि त्याचं अमोनियम होतं. हे डब्यातलं पीठ. चिकणमातीचे कण ते धरून ठेवतात. हवा मिळाली की दुसऱ्या जातीचे जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात. ही टोपलीतली भाकरी. मुळांना लगेच उचलता येते, पण टिकत नाही. मोठा पाऊस झाला किंवा पाटपाणी जास्त झालं की नायट्रेट पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जातं.

ज्वारीच्या, उसाच्या रानात माती हवेशीर असते, म्हणून तिथं भाकरी होत राहते. खाचरात पाणी उभं असतं. पाण्याला लागून असलेला वरचा काही मिलिमीटरचा थर तांबूस दिसतो, तेवढ्यालाच पाण्यातून हवा मिळते. त्याखालचा चिखल निळसर-राखाडी, तिथं ऑक्सिजन नाही. तिथं नत्र अमोनियमवरच थांबतं. वरच्या थरात झालेलं नायट्रेट खाली उतरलं तर तिथले जिवाणू त्याचा वायू करतात आणि तो हवेत निघून जातो. भाताला युरिया वरून फेकला तर बराचसा वाया का जातो, त्याचं एक कारण हेच.

म्हणजे खाचराच्या एका वितीतल्या मातीत दोन निरनिराळे संसार चालू असतात. वरचा थर धुऊन टाकणारं किंवा तळाचा थर अर्धवट आणणारं अवजार त्यांतल्या एकाचाच हिशेब प्रयोगशाळेत पोचवतं.

वीस ग्रॅममध्ये अख्खं रान

एक हेक्टर रानाचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर तोलला तर तो साधारण २२ लाख ४० हजार किलो भरतो. किलोभर मातीतलं नत्र हेक्टरी हिशेबात बदलताना प्रयोगशाळा हाच आकडा धरतात. नत्र काढायला त्या मातीतली जेमतेम २० ग्रॅम माती वापरली जाते, म्हणजे सुमारे ११ कोटी भागांतला एक भाग. शितावरून भाताची परीक्षा होते, हे खरं. पण पातेल्यातला भात एकसारख्या आचेवर शिजलेला असतो. रान तसं नसतं. एका कोपऱ्यात बैल बांधलेले, एका कडेला उकिरडा, मध्ये चिबड, वरच्या अंगाला मुरूम.

म्हणून नागमोडी चालत १५ ते २० ठिकाणची माती घ्यायची, एकत्र करायची. बांध, झाडाखालची जागा, विहिरीजवळची, खताच्या ढिगाची जागा सोडायची. हे बहुतेकांना माहीत असतं. सांगायचं राहतं ते अवजाराबद्दल. प्रत्येक ठिकाणी खोली तीच हवी, मातीचं माप तेच हवं आणि वरपासून तळापर्यंत जाडी सारखी हवी. अवजार चांगलं की वाईट हे मी या तीन गोष्टींवरच ठरवतो.

खुरप्याचा दोष त्याच्या आकारात आहे

खुरपं प्रत्येक घरात आहे आणि त्यानं नमुना नीट घेता येतो. रीत अशी: इंग्रजी व्ही अक्षरासारखा १५ सेंटिमीटर खोल खड्डा घ्यायचा, आतली माती फेकून द्यायची, मग खड्ड्याच्या एका बाजूनं वरपासून तळापर्यंत बोटभर जाडीचा काप काढायचा. लोक काय करतात, तर खड्ड्यातलीच माती पाटीत टाकतात. तो खड्डा वर रुंद आणि खाली निमुळता. म्हणजे वरची माती जास्त, खालची कमी. आणि सेंद्रिय पदार्थ तर वरच्या थरातच जास्त असतात.

याचा परिणाम किती, ते एका काल्पनिक उदाहरणानं बघा. समजा वरच्या ५ सेंटिमीटरमध्ये सेंद्रिय कर्ब (सेंद्रिय पदार्थातला कार्बन, काही ठिकाणी त्यावरूनच नत्राचा अंदाज बांधतात) ०.७० टक्के आहे, मधल्या ५ मध्ये ०.४५ आणि खालच्या ५ मध्ये ०.३०. तिन्ही थरांतून सारखी माती घेतली तर सरासरी ०.४८ येते. तीच माती व्ही आकाराच्या खड्ड्यातून आली आणि वरच्या थराचे तीन वाटे, मधल्याचे दोन, खालचा एक असं मिश्रण झालं तर आकडा ०.५५. सेंद्रिय कर्बाची 'कमी' श्रेणी ०.५० च्या खाली आहे. रान तेच, पण पत्रिकेत 'कमी'चं 'मध्यम' झालं.

श्रेणी 'कमी' असली की शिफारशीपेक्षा साधारण २५ टक्के जास्त नत्र द्यायची पद्धत आहे. सुरू हंगामातल्या उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस धरली तर हा फरक ६२ किलोंचा होतो, म्हणजे ४५ किलोच्या तीन गोण्या युरिया. एका खुरप्याच्या फटकाऱ्यानं तीन गोण्या इकडच्या तिकडं होतात.

काळ्या रानात गिरमिट, पण वापशावर

आमच्याकडची काळी करल, म्हणजे भारी माती, उन्हाळ्यात भेगाळते. भेगेत हात कोपरापर्यंत जाईल अशी रानं मंगळवेढ्याकडं कितीतरी बघायला मिळतात. वरची भुसभुशीत माती वाऱ्यानं, जनावरांच्या पायांनी त्या भेगांत पडत राहते. भेगेजवळ गिरमिट घातलं तर तळाची म्हणून जी माती येते ती खरं तर वरचीच असते. कडक कोरड्या रानात आट्यांचं गिरमिट शिरतं, त्यासाठीच ते आहे. पण माती फार वाळली असेल तर आट्यांवरून भुगा खाली गळतो. मी अशा वेळी भेगेपासून हातभर लांब जातो आणि वरचा पालापाचोळा हातानं बाजूला करतो. खरवडत मात्र नाही, कारण खरवडलं की वरचा श्रीमंत थर गेलाच.

सगळ्यात चांगला नमुना येतो वापशावर. माती मुठीत दाबली तर गोळा होतो, अंगठ्यानं ढकलला तर फुटतो, त्या वेळी. तेव्हा पोकळ नळीचं गिरमिट वापरावं. नळी सरळ खाली दाबली की वरपासून तळापर्यंत एकसारख्या जाडीची कांडी आत येते. माप आपोआप तेच. माझ्या मते कोरडवाहू आणि बागायती दोन्ही रानांसाठी याहून भरवशाचं अवजार नाही. अडचण एवढीच की आमची माती ओली झाली की नळीच्या आत घट्ट बसते. ती काठीनं ढकलून काढायची. काही जण नळीला आतून तेल लावतात, ते करू नका. तेल म्हणजे कार्बनच, आणि आपण सेंद्रिय कर्ब मोजायला निघालोय. सांगोल्याकडच्या मुरमाड, हलक्या रानात नळी दगडाला अडकून वाकते. तिथं टिकावानं खड्डा आणि खुरप्यानं काप, हेच बरं.

खोलीबद्दल एक वाक्य: भात-ज्वारीला १५ ते २० सेंटिमीटर, उसाला ३०, डाळिंबासारख्या फळझाडांना मुरूम लागेपर्यंत ३०, ६० आणि ९० अशा थरांचे वेगवेगळे नमुने.

खाचरात पाइप का चालतो

आता दाजींचा पाइप. पाच सेंटिमीटर व्यासाचा पीव्हीसीचा तुकडा, हातभर लांब. खालची कड त्यांनी कानशीनं बाहेरून तासून धारदार केली. धारेपासून १५ सेंटिमीटरवर खिळ्यानं खूण ओढली. मग भाताच्या चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मध्ये पाइप उभा धरून, दोन्ही तळव्यांनी थोडा थोडा पिळत, चिखलाला खूण लागेपर्यंत दाबला. वरचं तोंड तळहातानं घट्ट झाकलं. दुसरा हात चिखलात घालून तळाखाली नेला आणि सगळं एकदम उचललं. वरून हवा आत येत नाही म्हणून चिखल आतच लटकून राहतो. ग्लास पाण्यात बुडवून, तोंड खाली ठेवून वर उचलला तर पाणी आत राहतं, तसंच हे. अक्कानं बादली पुढं केली, दाजींनी तळहात काढला आणि राखाडी कांडी बादलीत उतरली. तिच्या माथ्यावर तांबूस टोपी जशीच्या तशी होती. आधीच्या तासाभरात गिरमिटाला ती टोपी एकदाही आणता आली नव्हती.

हे करताना एक गोष्ट डोळ्यांनी तपासायची. पाइप दाबून झाल्यावर आतल्या चिखलाची पातळी बाहेरच्या पातळीला आहे का? आत जास्त खाली गेली असेल तर चिखल दबलाय, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या नावाखाली दुसरीच खोली आली. पाइप अरुंद असेल तर हे हमखास होतं. पाच सेंटिमीटरला क्वचित. वरचं पाणी ओतून द्यायचं ते सावकाश, टोपीचा गाळ न हलवता.

अशा एका कांडीत सुमारे २९५ घन सेंटिमीटर चिखल येतो, आणि प्रत्येक कांडीत तेवढाच. मिसळताना ही फार मोठी सोय आहे. कोरडी माती ढीग करून, चार वाटे करून, समोरासमोरचे दोन टाकून अर्ध्या किलोवर आणता येते. चिखलाचे चार वाटे होत नाहीत. सगळ्या कांड्यांचं माप सारखं असेल तर त्या एका बादलीत हातानं कालवल्या की भागतं.

चिखल फार पातळ असेल किंवा खाली चिखलणीनं बसलेल्या घट्ट थराच्या पलीकडं जायचं असेल तर खांबांसाठी खड्डे घेतात ते गिरमिट वापरतात. त्याची दोन वाकडी पाती मिळून डबा होतो, माती त्यात धरली जाते. भातासारख्या फार ओल्या रानासाठी आपल्याकडच्या माती नमुन्याच्या सूचनांत त्याचीच शिफारस असते. पण त्यात चिखल घुसळला जातो आणि थर मिसळतात. एकूण नत्र किंवा सेंद्रिय कर्ब बघायचा असेल तर बिघडत नाही. अमोनियम आणि नायट्रेट वेगळं मोजायचं असेल तर पाइपच.

ब्रिकेट पुरलेल्या खाचरात

भात लावायच्या चारसूत्री पद्धतीत जोडओळीत चार चुडांच्या मधोमध, ७ ते १० सेंटिमीटर खोल, युरिया-डीएपी खतांची २.७ ग्रॅमची गोळी, म्हणजे ब्रिकेट, दाबतात. नत्र चिखलाच्या आत, हवा नसलेल्या थरात राहतं, म्हणून वाया कमी जातं. पद्धत उत्तम आहे. पण एका गोळीत ग्रॅमच्या जवळपास नत्र असतं. मध्यम प्रतीच्या मातीच्या एका कांडीत उपलब्ध नत्र असतं ४० मिलिग्रॅमच्या आसपास. पाइप नेमका गोळीवर बसला तर त्या एका कांडीत पंचवीस कांड्यांचं नत्र येतं आणि सगळी बादली बिघडते. म्हणून गोळ्या दाबलेल्या खाचरातून त्या हंगामात सर्वसाधारण नमुना घेऊ नये. उसाच्या सरीत खत पेरलं असेल तिथंही हाच धोका. कुठलंही खत दिल्यावर दोन-अडीच महिने थांबावं. भाताचं रान भात कापून झाल्यावर, ते सुकल्यावर तपासलं तर सगळ्यात सोपं.

पिशवीतला चिखल थांबून राहत नाही

नमुना पिशवीत गेला तरी त्यातले जिवाणू जिवंत असतात. ओला चिखल उन्हात गाडीच्या डिकीत चार तास राहिला, त्याला हवा लागली, तर अमोनियमचं नायट्रेट व्हायला लागतं आणि थोडं अमोनियाच्या रूपानं उडूनही जातं. म्हणून अमोनियम-नायट्रेटची तपासणी करायची असेल तर चिखल पिशवीत हवा न ठेवता बांधायचा, बर्फाच्या डब्यात ठेवायचा आणि शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्यायचा. पत्रिकेसाठीची तपासणी वेगळी. तिला सावलीत वाळवलेली माती लागते. उन्हात नाही, चुलीजवळ तर नाहीच.

आणि एक चूक मी इतक्या वेळा पाहिली की ती सांगितल्याशिवाय राहवत नाही: युरियाच्या रिकाम्या गोणीवर माती पसरणं किंवा त्याच गोणीतून नेणं. अर्धा किलो मातीत युरियाचा दहावा भाग ग्रॅम मिसळला, म्हणजे चिमूटसुद्धा नाही, आणि तो सगळा मोजला गेला, तर हेक्टरी हिशेबात २०० किलोंच्या वर नत्र वाढतं. नत्राची 'कमी' श्रेणी २८० किलोच्या खाली आहे. गोणीच्या शिवणीत अडकलेले दाणे हे करू शकतात. धुतलेली कापडी पिशवी घ्या किंवा नवी प्लॅस्टिकची. जस्त, लोह, तांबं यांचीही तपासणी करायची असेल तर गंजलेलं किंवा जस्ताचा मुलामा असलेलं अवजारही नको. नत्राला त्यानं फरक पडत नाही, पण नमुना एकच असतो.

"आता सेन्सरची दांडी मिळते की!"

मिळते, आणि मोबाइलवर नत्राचा आकडाही दाखवते. पण स्वस्तातल्या बहुतेक दांड्या नत्र ओळखत नाहीत. मातीतून वीज किती सहज जाते ते मोजतात आणि त्यावरून अंदाज करतात. वीज तर मिठानंही सहज जाते. उजनीच्या आणि नीरेच्या पाण्यावर जिथं जमिनी खारवट झाल्यात, तिथं ही दांडी क्षारालाच नत्र समजेल. ज्या रानाला खताची गरज आहे तिथंच ती "भरपूर आहे" म्हणेल. अशा दांडीवर मी एकही गोणी ठरवणार नाही.

"भातात पान बघून कळतं, मग माती कशाला?"

पानाच्या रंगाचा तक्ता मला मनापासून आवडतो. हिरव्या छटांची पट्टी पानाला लावायची. लावणीच्या भातात रंग चौथ्या छटेपेक्षा फिका पडला की युरियाचा हप्ता द्यायचा. पिकाला आत्ता भूक लागलीय का, हे पान सांगतं. पेवात किती शिल्लक आहे, ते त्याला सांगता येत नाही. लागवडीआधी एकूण खताचा अंदाज मातीवरून बांधावा आणि हप्ते कधी द्यायचे ते पानावरून ठरवावं. दाजी आता तसंच करतात.

"एवढं करून आकडा अचूक येतो का?"

तराजूवर तोलल्यासारखा नाही. पत्रिकेतलं उपलब्ध नत्र बहुतेक ठिकाणी अल्कधर्मी परमँगनेट पद्धतीनं काढतात. सुब्बय्या आणि असिजा यांनी ती १९५६ मध्ये मांडली. या पद्धतीत अमोनियम आणि सहज सुटणारं सेंद्रिय नत्र मोजलं जातं, नायट्रेट धरलं जात नाही. काही ठिकाणी तर सेंद्रिय कर्बावरूनच नत्राचा अंदाज लिहितात. म्हणून २६५ आणि २९० या दोन आकड्यांत भांडण लावण्यात अर्थ नाही, जरी एक 'कमी' आणि दुसरा 'मध्यम' दिसला तरी. अर्थ आहे तो दर दोन-तीन वर्षांनी त्याच महिन्यात, त्याच खोलीवरून, त्याच अवजारानं काढलेल्या नमुन्यांची तुलना करण्यात. नत्र चढतंय की उतरतंय, हे त्यातून कळतं.

गिरमिट प्रत्येकानं विकत घ्यायची गरज नाही. गावात एक नळीचं गिरमिट सगळ्यांना पुरतं, आणि पाइपाचा तुकडा तर कुणाच्याही घरी निघेल. पिशवीतली चिठ्ठी मी शिसपेन्सिलीनं लिहितो, कारण ओलाव्यानं बॉलपेनची शाई पसरते. गट नंबर, तारीख, मागचं पीक आणि खत दिल्याची तारीख तिच्यावर आधीपासून असायची. त्या श्रावणापासून मी खाली आणखी एक ओळ लिहितो: "पाइप, ५ सेंमी, १५ सेंमी खोल, घोटाभर पाण्यात."